उसन्या शेअरचा हिशेब

मुरुडहून समुद्र डाव्या हाताला ठेवून उत्तरेला निघालं, की थोड्याच वेळात हर्णै बंदर लागतं. तिथला मासळीचा लिलाव आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. होड्या पाण्यात उभ्या राहतात, बैलगाड्या थेट लाटांत शिरून माल किनाऱ्यावर आणतात, वाळूवर पापलेट, सुरमई, कोळंबीचे ढीग लागतात आणि मगच बोली सुरू होते. घेणारा मासळी उलटीपालटी करून बघतो, नाक मुरडतो, भाव पाडतो. पण काही झालं तरी माल डोळ्यांसमोर असतो. विकणाऱ्याकडे तो आहे, म्हणून तो विकतो.

आज ज्या व्यवहाराविषयी बोलायचं आहे, त्यात हा क्रम उलटा असतो. आधी विक्री, मग खरेदी. जो शेअर आपल्याकडे नाही तो आज विकायचा आणि भाव उतरला की विकत घेऊन देणं चुकतं करायचं. याला शॉर्ट सेलिंग म्हणतात. मुंबईच्या जुन्या बाजारात याला मंदी करणं म्हणत आणि ते करणाऱ्यांना मंदीवाले.

आधीच सांगून टाकतो. मी कविता लिहिणारा माणूस आहे, आणि पोटासाठी आयुष्यभर दुसऱ्यांचे हिशेब लिहिले. जे आपल्या ताब्यात नाही त्याची विक्री करू नये, असं इस्लामी व्यवहारशास्त्र सांगतं, त्यामुळे हा प्रकार माझ्या घरात कधी आला नाही. पण हल्ली आपल्या तालुक्यातल्या मुलांच्या हातातल्या मोबाइलवर तो आला आहे. आंब्याच्या हंगामाचे पैसे, होडीवरच्या खलाशाची कमाई त्यात जाते आहे. अशा वेळी धर्माचं बोट न धरता, नुसता हिशेब म्हणून या व्यवहाराकडे बघायला हवं असं मला वाटतं. हिशेब कुणालाही तपासता येतो.

उसनवारी आपल्याला नवी नाही. समजा, श्रावणात तांदूळ महाग आहे. शेजाऱ्याकडून एक मण तांदूळ उसना घेतला आणि बाजारात विकला. दिवाळीनंतर नवं भात आलं, भाव उतरला. मग तेवढाच तांदूळ स्वस्तात घेऊन शेजाऱ्याला परत केला. मधला फरक आपला. झालं शॉर्ट सेलिंग. आता यातली मेख बघा. शेजाऱ्याला पैसे नको आहेत, तांदूळ हवा आहे. पैशाचं कर्ज काढलं तर किती फेडायचं हे पहिल्या दिवसापासून ठाऊक असतं. वस्तूचं देणं असलं, की ती वस्तू परत करायच्या दिवशी कितीला मिळेल यावर सगळं अवलंबून. परतीचा पाऊस लांबला, भात आडवं झालं आणि तांदूळ दुपटीनं महागला, तरी मण तो मणच. शॉर्ट सेलिंगमधला सगळा धोका या एका वाक्यात आहे.

हा खेळ फार जुना. डच ईस्ट इंडिया कंपनीच्या शेअरमध्ये १६०९ च्या सुमारास तो झाला आणि १६१० मध्ये तिथल्या सरकारनं हातात नसलेले शेअर विकायला बंदी घातली. त्याच कंपनीची वखार पुढे आपल्या वेंगुर्ल्याला होती. बंदी आली, गेली, पुन्हा आली. मंदीवाल्यांना शिव्या देण्याची रीतही तेवढीच जुनी. मला ती फारशी पटत नाही. सगळेच भाव चढवत असताना कुणीतरी 'हे एवढं मोलाचं नाही' असं पैसे लावून म्हणणारा असावा. प्रश्न त्यानं तसं म्हणावं की नाही हा नाही. किती पैसे लावून म्हणावं, हा आहे.

आपल्याकडे आज सामान्य माणसाला हे तीन वाटांनी करता येतं. पहिली वाट एका दिवसाची. सकाळी विकायचं आणि साडेतीनला बाजार बंद होण्याआधी परत घ्यायचं. दुसरी शेअर खरोखर उसने घेण्याची. त्यासाठी शेअर बाजारातच एप्रिल २००८ पासून रीतसर सोय आहे. उसने देणाऱ्याला भाडं मिळतं आणि मधल्या काळात कंपनीनं लाभांश दिला तर तो उसने घेणाऱ्यानं मूळ मालकाला भरून द्यायचा असतो. पण ही सोय फार कमी लोक वापरतात. तिसरी वाट वायद्याची, म्हणजे फ्यूचर्सची. एकेका शेअरचे वायदे आपल्याकडे नोव्हेंबर २००१ मध्ये सुरू झाले. पहिल्या वाटेवर गेलेल्या माणसाला संध्याकाळपर्यंत शेअर परत घेता आले नाहीत, तर देणं उरतं आणि ते शेअर त्याच्या नावानं लिलावातून घेतले जातात. तिथेही मिळाले नाहीत, तर सौद्याच्या दिवसापासून लिलावाच्या दिवसापर्यंतचा सर्वांत चढा भाव किंवा लिलावाच्या दिवशीच्या बंद भावापेक्षा वीस टक्के जास्त भाव, यांपैकी जो जास्त असेल तो लावून हिशेब पुरा करतात. हर्णैच्या लिलावात भाव आवडला नाही तर पिशवी रिकामी घेऊन घरी येता येतं. या लिलावातून तसं येता येत नाही.

आता आकडे. समजा एकाकडे पाच लाख रुपये आहेत. एक शेअर चारशे रुपयांना चालला आहे. तो फार महाग आहे असं याचं मत. यानं २५० शेअर विकले, म्हणजे एक लाखाचा सौदा, भांडवलाच्या वीस टक्के. मत बरोबर निघालं आणि भाव निम्म्यावर, दोनशेवर आला, तर पन्नास हजारांचा नफा. भांडवल साडेपाच लाख झालं आणि उरलेला सौदा पन्नास हजारांचा, म्हणजे भांडवलाच्या जेमतेम नऊ टक्के. आता उलट धरा. भाव दुप्पट, आठशे झाला. तोटा एक लाख. भांडवल उरलं चार लाख आणि डोक्यावरचा सौदा झाला दोन लाखांचा. वीस टक्क्यांचे पन्नास टक्के झाले. त्यानं एकही शेअर नव्यानं विकलेला नाही. तो नुसता बसून होता.

शेअर विकत घेणाऱ्याचं असं होत नाही. त्यानं एक लाखाचे शेअर घेतले आणि भाव निम्मा झाला, तर पन्नास हजार गेले. भांडवल साडेचार लाख, सौदा पन्नास हजारांचा, म्हणजे अकरा टक्के. चूक झाली की त्याचा सौदा आपोआप लहान होतो. वाईट दिवस तो कपाटात ठेवून विसरू शकतो आणि आपल्याकडे असे विसरलेले शेअर पुष्कळ घरांत आहेत. मंदीवाल्याची चूक मात्र आपोआप मोठी होत जाते आणि दर दिवशी ब्रोकरचा फोन येतो, आणखी पैसे भरा. त्याचा जास्तीत जास्त नफा शंभर टक्के, तोही कंपनी पार बुडाली तर. तोट्याला वरची मर्यादा नाही.

म्हणून 'हा शेअर पडेल का' हा प्रश्न मंदीवाल्यासाठी दुसऱ्या क्रमांकाचा आहे. पडण्याआधी तो किती चढू शकेल आणि तोवर मी उभा राहीन का, हा पहिला. याची साक्ष आपल्याच मुंबईत, दलाल स्ट्रीटवर मिळते.

१९८२ च्या मार्च महिन्याची गोष्ट. रिलायन्स तेव्हा कापड आणि धाग्याची वाढती कंपनी होती आणि धीरूभाई अंबानी हे नाव नुकतं घरोघर पोचत होतं. कोलकात्याच्या काही बड्या मंदीवाल्यांनी ठरवलं की या शेअरचा भाव फुगलेला आहे. १८ मार्चला मुंबईच्या बाजारात त्यांच्या वतीनं विक्रीचा मारा सुरू झाला. एकशे एकतीसच्या आसपासचा भाव बघता बघता एकशे एकवीसवर आला. आपण विकतोय, भाव पडतोय, लोक घाबरून आणखी विकतील आणि आपण खालून उचलू, असं त्यांचं गणित. पण समोरून कुणीतरी घेऊ लागलं. विकाल तेवढं घेऊ लागलं. अंबानींच्या बाजूचे दलाल खरेदीला उतरले होते. मंदीवाल्यांनी आणखी विकलं. त्या काळच्या वृत्तांतांत अकरा लाखांच्या आसपास शेअर असे हवेत विकले गेल्याचा आकडा येतो.

त्या वेळी बाजारात बदल्याची पद्धत होती. दर दुसऱ्या शुक्रवारी हिशेब व्हायचा. ज्याला माल घ्यायचा किंवा द्यायचा नाही, त्यानं सौदा पुढच्या हिशेबावर ढकलायचा आणि त्यासाठी शुल्क भरायचं. तो बदला. एरवी घेणारा विकणाऱ्याला पैसे देऊन मुदत मागतो. पण माल दुर्मीळ असला की पारडं फिरतं आणि विकणाऱ्यालाच मुदतीसाठी पैसे मोजावे लागतात. त्याला गुजरातीत उंधा बदला म्हणतात, उंधा म्हणजे उलटा. एप्रिलच्या अखेरच्या शुक्रवारी खरेदी करणाऱ्यांनी सांगितलं, आम्हाला मुदत द्यायची नाही, शेअर द्या. आणि मुदत हवी असेल तर शेअरमागे पंचवीस रुपये. एकशे तीसच्या मालावर पंचवीस रुपये नुसत्या पंधरवड्याच्या मुदतीसाठी!

मंदीवाल्यांकडे शेअर नव्हते. ते मिळवायला बाजारात धावले तर विकायला कुणी नव्हतं. गोंधळ इतका झाला की मुंबईचा शेअर बाजार तीन दिवस बंद ठेवावा लागला. मे महिन्यात भाव दोनशेपलीकडे गेला तेव्हा कुठे हिशेब मिटले. खरेदीचा पैसा कुठून आला यावर पुढच्या वर्षी संसदेत प्रश्न विचारले गेले, तो वेगळा विषय.

या गोष्टीकडे लोक अंबानींच्या चातुर्याची कथा म्हणून बघतात. मला ती हिशेबाची कथा वाटते. मंदीवाल्यांचं मत चुकीचं होतं का? एकशे एकतीस हा भाव महाग होता की नव्हता, यावर आजही वाद घालता येईल. त्यांची खरी चूक तो वाद घालायला वेळ न ठेवण्याची होती. बाजारात परत घेण्यासाठी किती शेअर मिळतील याचा अंदाज न घेता त्यांनी विकले. शिवाय भाव उलटा जाऊ लागल्यावर सौदा कमी करायचा, तो त्यांनी वाढवला. खाडीच्या तोंडातून एका वेळी दोन होड्या आत येऊ शकत असतील, तर वादळाच्या दिवशी बाहेर किती होड्या आहेत हे आधी मोजावं लागतं. एखाद्या शेअरमध्ये रोज दहा हजारांचे व्यवहार होत असतील आणि पन्नास हजार शेअर उसने विकलेले असतील, तर सगळा बाजार फक्त मंदीवाल्यांसाठी राबला तरी बाहेर पडायला पाच दिवस लागतील. त्या पाच दिवसांत भाव काय होईल?

जर्मनीत २००८ मध्ये हेच झालं. फोक्सवॅगनचा शेअर महाग आहे म्हणून अनेक बड्या फंडांनी तो विकून ठेवला होता. ऑक्टोबरमधल्या एका रविवारी पोर्शे कंपनीनं जाहीर केलं, की शेअर आणि पर्याय मिळून फोक्सवॅगनचा जवळजवळ चौऱ्याहत्तर टक्के हिस्सा आमच्या हाती आहे. वीस टक्के तिथल्या एका राज्य सरकारकडे होता. म्हणजे मोकळे शेअर सहा टक्क्यांहून कमी, आणि उसने विकलेले त्याच्या दुपटीच्या घरात. दोन दिवसांत दोनशेच्या आसपासचा भाव हजार युरोंपलीकडे गेला. जगातली सर्वांत मौल्यवान कंपनी म्हणून थोड्या वेळापुरतं फोक्सवॅगनचं नाव लागलं. ते मोल मोटारींचं नव्हतं, अडकलेल्यांच्या घाईचं होतं.

दुसरी साक्ष १९९२ ची. हर्षद मेहता बँकांच्या पैशांवर शेअर चढवत होता. दोनशेच्या आसपासचा एसीसी सिमेंटचा शेअर नऊ हजारांच्या घरात पोचला. वर्षाच्या सुरुवातीला दोन हजारांच्या आसपास असलेला सेन्सेक्स एप्रिलमध्ये साडेचार हजारांजवळ गेला. हे भाव खोटे आहेत असं म्हणणारे मंदीवाले बाजारात होतेच, आणि ते शंभर टक्के बरोबर होते. २३ एप्रिल १९९२ ला सुचेता दलाल यांची बातमी 'टाइम्स ऑफ इंडिया'त आली, घोटाळा उघडा पडला आणि बाजार कोसळला. पण समजा एखाद्यानं एसीसी दोन हजारांनाच महाग ठरवून विकला होता. त्याला त्याचा बरोबरपणा सिद्ध होईपर्यंत शेअरमागे सात हजारांचा तोटा सोसत उभं राहावं लागणार होतं. एक लाखाच्या सौद्यावर साडेतीन लाख. किती जणांकडे तेवढी ऐपत असेल? बरोबर असूनही बुडण्याची सोय शॉर्ट सेलिंगमध्ये जेवढी आहे तेवढी दुसऱ्या कुठल्या धंद्यात मला दिसली नाही.

यावर मुलं मला म्हणतात, चाचा, आम्ही स्टॉप लॉस लावतो. स्टॉप लॉस म्हणजे भाव अमुक आकड्यावर गेला की आपोआप खरेदी करून सौदा बंद करण्याची सूचना. चांगली गोष्ट आहे, लावावाच. पण त्याची मर्यादा समजून. चारशेला विकलं आणि चारशेवीसचा स्टॉप लॉस लावला, तर याचा अर्थ चारशेवीसला शेअर मिळेलच असा नाही. चारशेवीसनंतर मिळेल त्या भावाला मिळेल, आणि कुणी विकणाराच नसेल तर मिळणारच नाही.

१६ मे २००९ हा शनिवार होता. लोकसभेचे निकाल लागले आणि सगळ्यांच्या अंदाजापेक्षा मजबूत सरकार येणार हे दुपारपर्यंत स्पष्ट झालं. शुक्रवारी सेन्सेक्स १२,१७३ वर बंद झालेला होता. निकाल त्रिशंकू लागेल म्हणून मंदी करून बसलेल्यांना शनिवार-रविवार काही करता येईना. सोमवारी बाजार उघडताच काही सेकंदांत वरची मर्यादा गाठली आणि व्यवहार थांबले. दोन तासांनी पुन्हा उघडला, पुन्हा क्षणार्धात मर्यादा, आणि बाजार दिवसभरासाठी बंद. सेन्सेक्स २,११० अंकांनी वर, १४,२८४. एका दिवसात सतरा टक्क्यांहून जास्त, आणि प्रत्यक्ष व्यवहार एक मिनिटसुद्धा नाही. त्या दिवशी ज्यांचे स्टॉप लॉस शुक्रवारच्या भावाच्या दोन टक्के वर होते, त्यांना ते कागदावरच बघावे लागले.

म्हणजे किती शेअर विकायचे याचा हिशेब दोनदा करायला हवा. एकदा शहाण्या दिवसासाठी आणि एकदा वेड्या दिवसासाठी.

शहाण्या दिवसाचा असा. पाच लाखांच्या भांडवलावर एका सौद्यात एक टक्का, म्हणजे पाच हजार रुपये गेले तर चालतील, असं ठरवलं. चारशेला विकून चारशेवीसला बाहेर पडायचं, म्हणजे शेअरमागे वीस रुपयांचा धोका. पाच हजार भागिले वीस, अडीचशे शेअर. आता वेड्या दिवसाचा. रातोरात भाव वीस टक्के चढून चारशेऐंशीवर उघडला, तर शेअरमागे ऐंशी रुपये जातील. अशा दिवशी जास्तीत जास्त तीन टक्के, पंधरा हजार सोसायची तयारी असेल तर पंधरा हजार भागिले ऐंशी, १८७ शेअर. दोन आकड्यांपैकी लहान आकडा घ्यायचा. एक टक्का आणि तीन टक्के हे काही शास्त्रवचन नाही. कुणी अर्धा टक्का धरील. पण आकडा सौद्याआधी कागदावर असला पाहिजे. सौदा झाल्यावर माणूस हिशेब करत नाही, वकिली करतो.

निवडणूक निकाल, अर्थसंकल्प, कंपनीचे तिमाही आकडे, दोन कंपन्यांच्या विलीनीकरणाची कुजबुज, असं काही समोर असेल तर वेड्या दिवसाचे वीस टक्केही कमी पडू शकतात. लहान कंपन्यांच्या शेअरना दिवसाची पाच-दहा टक्क्यांची मर्यादा असते. ती संरक्षण वाटते खरी, पण मंदीवाल्यासाठी तो सापळा असतो. शेअर रोज सकाळी वरच्या मर्यादेला उघडतो, विकणारा एकही नाही, आणि दिवसाच्या सौद्यावर असलेला माणूस थेट लिलावात जातो. वायद्यात असलेल्या बड्या शेअरना अशी ठाम मर्यादा नसते, हेही लक्षात असू द्यावं.

आणखी एक फसगत. एकाच शेअरवर भार नको म्हणून पाच शेअर विकले, असं लोक अभिमानानं सांगतात. ते पाचही बँकांचे असतील तर तो पाच ठिकाणी लिहिलेला एकच सौदा आहे. रिझर्व्ह बँकेनं व्याजदर उतरवला की पाचही एकदम उठतील. धोक्याची बेरीज सौद्यांच्या संख्येनं होत नाही, कारणांच्या संख्येनं होते.

आणि भाव विरुद्ध चालला असताना आणखी विकून सरासरी सुधारायची सवय. शेअर विकत घेणाऱ्यांमध्ये ती असते आणि त्यांना कधीकधी पचते. मंदीवाल्याला पचत नाही. मघाच्या उदाहरणात भाव आठशे झाला तेव्हा सौदा भांडवलाच्या वीस टक्क्यांवर ठेवायचा असता, तर चार लाखांच्या वीस टक्के म्हणजे ऐंशी हजारांचे शंभर शेअर ठेवता आले असते. अडीचशेपैकी दीडशे परत घ्यावे लागले असते. शिस्तीचा मंदीवाला भाव चढताना थोडं थोडं विकत घेत असतो, असं हे विचित्र गणित आहे. आणि सगळेच मंदीवाले एकदम ते करू लागले की भाव त्यांच्याच खरेदीनं आणखी चढतो. कोंडी होते ती अशी.

पुट ऑप्शन विकत घेतला तर तोटा भरलेल्या पैशांपुरताच राहतो, हे खरं आहे. मंदीचं मत असेल आणि झोप हवी असेल तर ती वाट बरी. पण मुदत संपेपर्यंत भाव पडला नाही तर सगळे पैसे जातात, म्हणून तिथेही किती हा प्रश्न उरतोच. सेबीनं सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असं दिसलं, की फ्यूचर्स आणि ऑप्शन्समध्ये उतरलेल्या एक कोटीहून जास्त व्यक्तींपैकी ९३ टक्क्यांना २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत तोटा झाला. खर्च धरून सरासरी दोन लाख रुपये माणशी. यात तेजीवाले, मंदीवाले सगळे आले. दिवसाच्या सौद्यांचा वेगळा अभ्यास सेबीनं त्याच वर्षी केला. त्यात २०२२-२३ मध्ये दहातल्या सात जणांना तोटा होता. दोन लाख म्हणजे आपल्याकडे काय, हे ज्याच्या घरी कलमं आहेत त्याला वेगळं सांगायला नको.

गेल्या हंगामानंतर ओळखीतला एक मुलगा माझ्याकडे आला. बागेचे दोन लाख हातात होते. एका कंपनीचा शेअर पडणारच अशी त्याची खात्री होती आणि ती कारणं त्यानं नीट मांडली. मला त्यातली बरीच पटली. शेअर चारशेचा, वायद्याचा एक लॉट दीड हजार शेअरचा, म्हणजे सहा लाखांचा. ब्रोकर दीड लाख मार्जिन घेऊन तो द्यायला तयार होता. आम्ही वहीत हिशेब मांडला. दोन लाखांचा एक टक्का दोन हजार. शेअरमागे वीस रुपये धोका, म्हणजे शंभर शेअर. लॉट दीड हजारांचा. स्टॉप लॉस बरोबर लागला तरी तीस हजार जाणार, भांडवलाच्या पंधरा टक्के. वेड्या दिवशी एक लाख वीस हजार.

"म्हणजे किती लॉट बसतात?" मी विचारलं.

त्यानं भागाकार पुन्हा केला. "शून्य पूर्णांक शून्य सहा."

"अर्धा लॉट मिळतो का?"

"नाही चाचा. एक किंवा काहीच नाही."

वही त्याच्याकडेच होती. त्यानं उत्तराच्या जागी शून्य लिहिलं, आणि शेअर पडेल ही त्याची खात्री तेव्हाही तशीच होती.